पालथा पत्ता, उघडा दावा

"ड्यूक. तीन नाणी घेतो."

एवढं बोलून खेळाडू मधल्या ढिगातून तीन नाणी उचलतो. त्याच्यापुढे दोन पत्ते पालथे पडलेले असतात. त्यांत ड्यूक आहे की नाही हे फक्त त्याला ठाऊक. बाकीच्यांना दोनच वाटा मोकळ्या आहेत: गप्प बसायचं, किंवा "दाखव" म्हणायचं. सगळे गप्प बसले तर नाणी त्याची झाली, मग पत्ता खरा असो वा नसो. कोणी "दाखव" म्हटलं आणि ड्यूक निघाला, तर म्हणणाऱ्याचा एक पत्ता गेला. ड्यूक नसला, तर बोलणाऱ्याचा एक पत्ता गेला.

'कू' नावाच्या पत्त्यांच्या खेळाचं सगळं मर्म या दोन-तीन सेकंदांत आहे. हा खेळ या प्रकरणात आपण पहिल्यापासून शिकू. शिकताना एक गोष्ट मात्र सतत लक्षात ठेवायची. थाप पचते ती मारणाऱ्याच्या चेहऱ्यामुळे नाही. ती तपासून बघणं ऐकणाऱ्याला महाग पडतं, म्हणून ती पचते. हे ज्याला उमगलं त्याला या खेळाचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप ध्यानात राहतात.

ओळख लपवायचे खेळ

कोण कोण आहे हे झाकून ठेवायचं आणि बाकीच्यांनी ते ओळखायचं, ही कल्पना आपल्याला नवी नाही. चार चिठ्ठ्यांवर राजा, राणी, चोर, शिपाई लिहून, घड्या घालून त्या उधळायच्या, ज्याला शिपाई मिळेल त्याने चोर ओळखायचा, हा खेळ आपल्याकडच्या मुलांना माहीत असतो. पत्त्यांमध्येही तसाच एक खेळ आहे. "तीन राण्या" म्हणत पत्ते पालथे टाकायचे, कोणाला संशय आला तर त्याने "चॅलेंज" म्हणायचं आणि जो चुकेल त्याने सगळा ढीग उचलायचा. पहिल्या खेळात ओळख लपलेली असते, दुसऱ्यात थाप असते. 'कू'मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

जगभर गाजलेला लपलेल्या ओळखीचा खेळ म्हणजे 'माफिया'. मॉस्को राज्य विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री दाविदोव याने तो 1986 मध्ये रचला. 1997 मध्ये अमेरिकेतल्या अँड्र्यू प्लॉटकिनने त्याच खेळाला नरलांडग्यांच्या गोष्टीचा पेहराव दिला आणि तो 'वेअरवुल्फ' झाला. या खेळांत मोजक्या लोकांना सगळं ठाऊक असतं आणि उरलेल्या बहुसंख्यांना काहीच ठाऊक नसतं. ओळख एकदा मिळाली की डाव संपेपर्यंत बदलत नाही आणि माणसं दोन गटांत वाटली जातात.

'कू' इथे वेगळी वाट धरतो. रिकी ताहता याने रचलेला हा खेळ 2012 मध्ये बाजारात आला. दोन ते सहा जण तो खेळू शकतात आणि एक डाव साधारण पाव तासात आटोपतो. यात गट नाहीत, प्रत्येक जण स्वतःसाठी खेळतो. ओळख अधूनमधून बदलते. आणि सगळ्यांत मोठा फरक म्हणजे आपल्याकडे नसलेल्या पत्त्याचीही ओळख सांगायला खुली परवानगी असते. पत्ता पालथा राहतो, दावा उघडा असतो आणि खेळ चालतो तो दाव्यावर.

सामान

खेळाची पेटी विकत मिळते, पण घरातल्या पत्त्यांच्या कॅटवरही काम भागतं. पत्ते पंधरा लागतात, पाच पात्रांचे प्रत्येकी तीन. कॅटमधून तीन राजे, तीन एक्के, तीन गुलाम, तीन दश्श्या आणि तीन राण्या काढा. राजा म्हणजे ड्यूक, एक्का म्हणजे मारेकरी, गुलाम म्हणजे कॅप्टन, दश्शी म्हणजे राजदूत आणि राणी म्हणजे कॉन्टेसा. रंगाला, म्हणजे इस्पिक-बदाम-चौकट-किलवर यांना, इथे काही अर्थ नाही. पत्त्यांच्या पाठी मात्र सारख्या हव्यात. एखाद्याचा कोपरा दुमडलेला असेल तर तो बाजूला ठेवा, कारण पाठीवरून ओळखू येणारा एक पत्ता अख्खा डाव नासवतो. नाणी म्हणून चिंचोके घ्या किंवा रुपयाची खरी नाणी घ्या, पन्नास पुरतात.

पत्ते नीट पिसून प्रत्येकाला दोन वाटायचे. ते फक्त ज्याचे त्याने बघायचे आणि आपल्यापुढे पालथे ठेवायचे. उरलेले पत्ते मधल्या गठ्ठ्यात. प्रत्येकाला दोन नाणी. चौघे खेळत असतील तर गठ्ठ्यात सात पत्ते उरतात, सहा जण असतील तर तीनच. ज्याचा पत्ता मरतो त्याने आपल्या दोनपैकी कोणता गमवायचा ते स्वतः ठरवायचं आणि तो उताणा करून सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. दोन्ही पत्ते उताणे झाले की खेळाडू बाद. शेवटी ज्याच्यापुढे पालथा पत्ता शिल्लक राहील तो जिंकला.

पाळीत काय करता येतं

प्रत्येक पाळीला एकच खेळी. तीन खेळ्या कोणालाही करता येतात, त्यांना पत्ता लागत नाही. पहिली, उत्पन्न: एक नाणं घ्यायचं, ते कोणीही अडवू शकत नाही. दुसरी, परदेशी मदत: दोन नाणी घ्यायची, पण कोणीही ड्यूकचा दावा करून ती अडवू शकतो. तिसरी, सत्तापालट: सात नाणी भरून कोणाचंही नाव घ्यायचं, त्याचा एक पत्ता जातो. सत्तापालटाला तोड नाही. तो अडवता येत नाही, त्यावर आव्हानही देता येत नाही. पाळीच्या सुरुवातीला ज्याच्याकडे दहा किंवा अधिक नाणी असतील त्याला तो करावाच लागतो.

बाकीच्या खेळ्या पात्रांच्या नावाने होतात:

ड्यूक: तीन नाणी कर म्हणून घेतो. दुसऱ्याची परदेशी मदत अडवतो.

मारेकरी: तीन नाणी भरून एकाचा पत्ता मारतो.

कॅप्टन: दुसऱ्याची दोन नाणी हिसकावतो. आपल्यावर आलेली अशी चोरी अडवतो.

राजदूत: गठ्ठ्यातून दोन पत्ते उचलतो, हवे ते ठेवून दोन परत करतो. चोरीही अडवतो.

कॉन्टेसा: स्वतःहून काही करत नाही. मारेकऱ्यापासून वाचवते, एवढंच तिचं काम.

चोरी आणि मारेकरी या दोन्ही खेळ्या फक्त ज्याच्यावर त्या आल्या आहेत त्यालाच अडवता येतात. परदेशी मदत मात्र कोणीही अडवू शकतो.

आव्हान

पात्राच्या नावाने केलेल्या कोणत्याही दाव्याला, मग तो खेळीचा असो की अडवणुकीचा, टेबलावरचा कोणीही आव्हान देऊ शकतो. ज्याच्यावर खेळी आली त्यानेच द्यायला हवं असं नाही.

दावा खोटा निघाला तर करणाऱ्याचा एक पत्ता जातो आणि त्याची खेळी रद्द होते. त्यासाठी भरलेली नाणी त्याला परत मिळतात. दावा खरा निघाला तर आव्हान देणाऱ्याचा एक पत्ता जातो आणि खेळी पुढे चालू राहते. खरा पत्ता दाखवणाऱ्याने तो गठ्ठ्यात घालायचा, गठ्ठा पिसायचा आणि नवा पत्ता घ्यायचा. म्हणजे खरं ठरलेल्या माणसाची उघडी पडलेली ओळख लगेच पुन्हा झाकली जाते.

हा शेवटचा नियम फार विचारपूर्वक घातलेला आहे. तो नसता तर एकदा खरं ठरलेल्याचा पत्ता सगळ्यांना कायमचा कळला असता आणि खरं बोलणं हाच तोटा ठरला असता.

एक डाव जवळून

ताई, काका, आत्या आणि दादा असे चौघे गोल बसले आहेत. पाळी याच क्रमाने फिरते. ताईकडे कॅप्टन आणि कॉन्टेसा आहेत, काकांकडे कॉन्टेसा आणि मारेकरी, आत्याकडे राजदूत आणि ड्यूक, दादाकडे ड्यूक आणि मारेकरी. हे आपल्याला दिसतं, त्यांना एकमेकांचं दिसत नाही.

ताई म्हणते, "ड्यूक, तीन नाणी." तिच्याकडे ड्यूक नाही. कोणी काही बोलत नाही, तिची नाणी पाच होतात. काका परदेशी मदत मागतात. ताई लगेच म्हणते, "काका, माझ्याकडे ड्यूक आहे, ती मिळणार नाही तुम्हाला." काकांचे हात रिकामे राहतात. ताईने इथे मदत अडवली नसती तर तिच्या आधीच्या दाव्यावर सगळ्यांनाच शंका आली असती. एकदा ड्यूक म्हटलं की पुढे ड्यूकसारखंच वागावं लागतं.

आत्याची पाळी. "कॅप्टन. ताई, तुझी दोन नाणी दे." तिच्याकडे कॅप्टन नाही. ताईपुढे आता दोन मार्ग आहेत. आत्याला आव्हान द्यावं, किंवा आपल्या खऱ्या कॅप्टनने चोरी अडवावी. ती म्हणते, "कॅप्टन माझ्याकडेही आहे, अडवते." आव्हान दिलं असतं तर आत्याचा पत्ता गेला असता, पण ताईला ते माहीत नव्हतं. खऱ्या पत्त्याने अडवण्यात धोका काहीच नव्हता, आव्हानात एका पत्त्याचा धोका होता. आत्याला वाटतं, ड्यूकही हिच्याकडे आणि कॅप्टनही हिच्याकडेच? ती म्हणते, "दाखव." ताई कॅप्टन दाखवते. आत्या राजदूत उताणा करते. ताईचा कॅप्टन गठ्ठ्यात जातो आणि तिच्या हाती नवा पत्ता येतो, राजदूत. दादा खऱ्या ड्यूकवर तीन नाणी घेतो, त्याची पाच होतात.

दुसरी फेरी. ताई पुन्हा म्हणते, "ड्यूक." नाणी आठ. आता बघा, आत्याकडे एक ड्यूक आहे, दादाकडे एक आहे. दोघांनाही संशय घ्यायला चांगलं कारण आहे. पण आत्याचा एकच पत्ता उरलाय, ती चुकली तर बाद. दादाला वाटतं, ताई नुकतीच खरी ठरली आहे, पुन्हा कशाला पत्ता घालवा? काकांना वाटतं, या दोघांपैकी कोणीतरी विचारेलच. कोणीच विचारत नाही.

काका एक नाणं घेतात, आत्या ड्यूकवर तीन. दादा तीन नाणी भरतो: "मारेकरी, ताईवर." ताई म्हणते, "कॉन्टेसा." हे खरं आहे. दादा पुन्हा माघार घेतो, त्याची तीन नाणी वाया जातात. पुढच्या पाळीला ताई सात नाणी मोजते आणि दादावर सत्तापालट करते. त्याचा एक पत्ता गेला.

त्या सात नाण्यांतली सहा ज्या पत्त्याच्या नावावर मिळाली तो पत्ता ताईच्या हाती कधी आलाच नव्हता. तिचा अभिनय कसा होता याची कोणी दखलही घेतली नाही. तिघांनाही संशय होता. पण संशय बोलून दाखवायची किंमत आपण मोजावी असं तिघांपैकी एकालाही वाटलं नाही.

मारेकऱ्याचा हिशोब

ही किंमत कशी मोजायची ते मारेकऱ्याच्या खेळीत सगळ्यांत स्पष्ट दिसतं. समजा तुमचे दोन्ही पत्ते शाबूत आहेत, तुमच्याकडे कॉन्टेसा नाही आणि कोणीतरी तुमच्यावर मारेकरी पाठवला. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत.

मुकाट सोसलं तर एक पत्ता नक्की जातो. आव्हान दिलं आणि मारेकरी खोटा निघाला तर तुमचं काहीच जात नाही, उलट त्याचा पत्ता जातो. मारेकरी खरा निघाला तर चुकीच्या आव्हानाचा एक आणि मारेकऱ्याचा एक, असे तुमचे दोन्ही पत्ते जाऊ शकतात. खोटी कॉन्टेसा पुढे केली आणि ती पकडली गेली तरी दोन्ही जातात, नाही पकडली गेली तर काहीच जात नाही. म्हणजे एकाची खात्री आणि दोनाचा धोका यांची तुलना करायची आहे. मारेकरी खरा असण्याची शक्यता निम्म्याहून कमी वाटत असेल तर आव्हान परवडतं. कॉन्टेसाला आव्हान मिळण्याची शक्यता निम्म्याहून कमी वाटत असेल तर थाप परवडते.

आता समजा तुमचा एकच पत्ता उरला आहे. मुकाट सोसलं तर बाद. आव्हान चुकलं तर बाद. थाप पकडली गेली तरीही बाद. म्हणून गप्प बसण्यात आता काहीच राम उरत नाही. एका पत्त्यावरच्या माणसाने कॉन्टेसा म्हटली तर ती खरी असेलच असं नाही, कारण त्या जागी कोणीही तेच म्हटलं असतं. नवखे खेळाडू इथे हमखास गोंधळतात. दावा ऐकला की त्यांना प्रश्न पडतो, हा खोटं बोलतोय का? आधी विचारायला हवा तो प्रश्न दुसराच: खोटं बोलून याचं काय जाणार आहे?

एकशे पाच जोड्या

पंधरा पत्त्यांतून दोन पत्त्यांच्या 105 वेगवेगळ्या जोड्या होतात. त्यांतल्या 66 जोड्यांत ड्यूक नसतो, 39 मध्ये असतो. म्हणजे डाव सुरू होताना, आपल्या पत्त्यांकडे न पाहता विचार केला, तर समोरच्याकडे ड्यूक असण्याची शक्यता सुमारे 37 टक्के आहे. आपल्याकडे एक ड्यूक असेल तर ती 29 टक्क्यांवर येते, दोन असतील तर 15 टक्क्यांवर. एक आपल्या हातात आणि दोन टेबलावर उताणे दिसत असतील तर शून्यावर. तेव्हा ड्यूक म्हणणाऱ्याला निश्चिंतपणे "दाखव" म्हणावं.

हे आकडे चारही इतर पात्रांना तसेच लागू पडतात, कारण प्रत्येकाचे पत्ते तीनच. पण यावरून दर तीन दाव्यांतले दोन खोटे असतात असा निष्कर्ष काढू नये. माणसं आपले पत्ते बघून बोलतात आणि शक्य असेल तिथे खऱ्याचाच आधार घेतात. आकड्यांवरून सुरुवात करायची आणि मग समोरच्याच्या वागण्यावरून त्यांत वाढ-घट करायची.

वागण्यातल्या खुणा बऱ्याच असतात. ज्याने ड्यूक सांगितला आणि नंतर दुसऱ्याची परदेशी मदत बिनबोभाट जाऊ दिली, त्याचा ड्यूक संशयास्पद आहे. जो स्वतः परदेशी मदत मागतो त्याच्याकडे ड्यूक बहुधा नसतो, असता तर त्याने दोनऐवजी तीन घेतली असती. पत्ते दोनच असताना एखाद्याने तीन वेगळी पात्रं सांगितली आणि मध्ये त्याचा पत्ता बदलण्याचा प्रसंग आला नाही, तर तिघांपैकी एक दावा नक्की खोटा आहे. म्हणून राजदूताची खेळी झाली, किंवा कोणी खरं ठरून पत्ता बदलला, की त्याच्याबद्दलचं जुनं गणित पुसून टाकायचं. सहा जणांच्या डावात राजदूताला गठ्ठ्यातल्या तीनपैकी दोन पत्ते पाहायला मिळतात, हेही विसरू नये. त्याची पुढची आव्हानं अंधारातली नसतात.

चेहरा वाचता येतो का?

अनेकांना वाटतं की असा खेळ म्हणजे डोळ्यांत बघून खोटं ओळखण्याची परीक्षा. त्याबाबतीत माणसाची मजल फार कमी आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी दोनशेवर संशोधनलेखांची एकत्रित छाननी करून 2006 मध्ये निष्कर्ष मांडला. खास साधनं किंवा प्रशिक्षण नसताना लोक खरं-खोटं बरोबर ओळखतात ते सरासरी 54 टक्के वेळा. नाणं उडवून ठरवलं तरी 50 टक्के बरोबर येतं.

दुसरा पुरावा यंत्राचा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातले नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांनी फेसबुकच्या संशोधन विभागाबरोबर तयार केलेल्या 'प्लुरिबस' या संगणक प्रणालीने 2019 मध्ये सहा जणांच्या पोकरमध्ये कसलेल्या व्यावसायिक खेळाडूंवर मात केली. तिला चेहरा नव्हता, समोरच्याचे चेहरे तिला दिसत नव्हते. तरीही ती थापा मारत होती आणि दुसऱ्यांच्या थापांना पुरून उरत होती.

थापेत गणित आहे हे पोकरचा अभ्यास करताना जॉन फॉन नॉयमन यांनी दाखवून दिलं. खेळांच्या गणिती सिद्धान्ताचा पाया त्यांनी 1928 मधल्या एका लेखात घातला आणि 1944 मध्ये अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात पोकरमधल्या थापेची सविस्तर चिकित्सा केली. थाप दोन कारणांनी मारायची असते, असं त्यांचं विश्लेषण. एक तर हात कमकुवत असताना बलवान भासावं म्हणून. दुसरं कारण जास्त खोल आहे: हात खरोखर बलवान असताना समोरच्याने शंका घ्यावी म्हणून. जो कधीच थाप मारत नाही त्याचा प्रत्येक दावा सगळे निमूट मान्य करतात आणि त्याच्या खऱ्या पत्त्यांना कोणी आव्हान देऊन स्वतःचा पत्ता गमावत नाही.

मग थाप किती वेळा मारावी? गणितज्ञ हॅरॉल्ड कून यांनी 1950 मध्ये फक्त तीन पत्त्यांचं एक छोटं पोकर मांडलं. दोघांनी सुरुवातीला एकेक नाणं मध्ये टाकायचं, पत्ता बघायचा आणि वाटलं तर आणखी एक नाणं लावायचं. त्याचं उत्तर असं निघालं की सर्वांत मोठ्या पत्त्यावर तीनदा नाणं लावलं तर सर्वांत लहान पत्त्यावर एकदा लावावं. कारण सरळ आहे. मध्ये दोन नाणी आहेत, तिसरं तुम्ही लावलं. तपासायला समोरच्याला एक नाणं घालावं लागतं, थाप निघाली तर त्याला तीन मिळतात. तीन खऱ्यांमागे एक थाप असेल तर तपासणं आणि सोडून देणं त्याला सारखंच पडतं, आणि मग तुमचा चेहरा कितीही वाचला तरी त्याच्या हाती काही लागत नाही. इथेही थापेचं प्रमाण ठरलं ते तपासण्याच्या किमतीवरून.

'कू'मध्ये एवढं नेमकं गणित मांडणं अवघड आहे, पण दिशा तीच. बहुतेक वेळा खरं बोला, अधूनमधून थाप मारा, आणि खऱ्याचा सूर व थापेचा सूर एकच ठेवा. थाप मारायची असेल तर दोघांचे दोन्ही पत्ते शाबूत असताना, डावाच्या सुरुवातीला मारा. तेव्हा आव्हान देणाऱ्याला गमवायला बरंच असतं आणि टेबलावर उताणे पत्ते नसल्याने त्याच्याकडे माहिती काहीच नसते. डाव जसा पुढे सरकतो तसे पत्ते उघडे पडत जातात, तपासणं स्वस्त होत जातं आणि थाप महाग.

नाण्यांवर मात्र कायम नजर हवी. पाळी आली तेव्हा सात नाणी हाती असलेल्या माणसाला कोणी रोखू शकत नाही, म्हणून चार-पाच नाण्यांवर असलेल्यालाच गाठायचं. ज्याने मघाशी आपल्याला अडवलं त्याच्यावर राग काढण्यात पाळी घालवली तर तिसराच कोणी शांतपणे सातचा आकडा गाठतो.

शंका कोणी घ्यायची?

ताईच्या डावाकडे पुन्हा एकदा बघू या. तिला दुसऱ्यांदा ड्यूक म्हणताना कोणी अडवलं असतं तर फायदा तिघांचाही झाला असता. पण चूक ठरली असती तर पत्ता एकाचाच गेला असता. शंकेचा लाभ सगळ्यांत वाटला जातो, तिची किंमत मात्र एकट्याला मोजावी लागते. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत राहतो. मला हा खेळ मोलाचा वाटतो तो यासाठी. खेळाबाहेरही, गृहनिर्माण संस्थेच्या सभेत कोणी हिशोब वाचून दाखवतो किंवा मोबाइलवर कोणी छातीठोक बातमी पाठवतो, तेव्हा हेच घडतं. सगळ्यांना शंका असते आणि विचारत कोणीच नाही. खेळात ही गोष्ट पाव तासात, कोणाचं काही खरं नुकसान न होता अनुभवता येते, आणि मुलांना ती उपदेशापेक्षा लवकर कळते.

त्यासाठी खेळाची शिस्त पाळावी लागते. थापेला परवानगी फक्त पात्रांच्या दाव्यांपुरती आहे. नाणी मोजताना, पत्ते पिसताना, गठ्ठ्यातून उचलताना काटेकोर प्रामाणिकपणा हवा. कोणी बाद झालं तर त्याने पाहिलेले पत्ते बोलून दाखवायचे नाहीत. डाव संपला की पकडलेल्या थापेवरून कोणाला हिणवायचं नाही, नाहीतर लाजरी माणसं पुढच्या डावात थाप मारणंच सोडतील आणि खेळाची धार जाईल.

नवे खेळाडू असतील तर पाच पात्रांची कामं एका कागदावर लिहून तो मध्ये, सगळ्यांना सतत दिसेल असा ठेवा, नाहीतर कागदाकडे कोण डोकावतं यावरूनच पत्ते कळतात. पहिले एक-दोन डाव हात राखून न खेळता भरपूर आव्हानं देत खेळा. काही चुकतील, काही जण लवकर बाद होतील, आणि पाव तासात नवा डाव सुरू होईल. प्रत्येकाने निदान एकदा तरी "दाखव" म्हणून पत्ता गमावलेला असेल आणि एकदा तरी गप्प बसून डाव गमावलेला असेल, तर दोन्हींतलं कोणतं जास्त महाग पडतं याचा अंदाज येऊ लागतो. तो अंदाज आला की 'कू' आला.